जाळीसमोर नऊ बोटं

८ मार्च

ताई,

आधी नमस्कार, मग तक्रार. हल्ली तू तोंडात टाचण्या धरून फोनवर बोलतेस का? परवा पंधरा मिनिटं बोललीस, त्यातलं मला धड पाच मिनिटांचंही कळलं नाही. सगळं गुळमुळीत. त्याच फोनवर मेहुण्यांचा आवाज मात्र खणखणीत येतो, म्हणजे दोष फोनचा नाही, तुझा आहे. तेव्हा आता पत्रच लिही. तुझं अक्षर वाईट आहे, पण प्रयत्न केला की लागतं.

इकडे उद्यानाची वसंत-उन्हाळ्याची पत्रिका छापून आली. बी पेरणं, तळ्यातले किडे भिंगातून बघणं, पानांचे ठसे, फुलपाखरांची मोजणी, आणि दर रविवारी सकाळी सातला माझी कानफेरी. हे सगळं ज्या बघतात त्या बाईंना मी मनातल्या मनात कार्यक्रमबाई म्हणतो. त्यांनी यंदा माझ्या फेरीपुढे एक भलामोठा कान छापलाय. कुणाचा आहे कोण जाणे, माझा नाही.

फेरीचं हे बारावं वर्ष. नियम तेच. कुणी बोलायचं नाही. थांबा आला की डोळे मिटून उभं राहायचं आणि नवा आवाज कानावर आला की एक बोट वर करायचं. पक्षी कुठला ते मी सांगायचं आणि मीच वहीत लिहायचं. छापखान्यातून निवृत्त झालो, मग ही गेली, आणि तेव्हापासून आठवड्यात मला रविवार तेवढा कळतो. बाकीचे सहा सारखेच.

एक बातमी आहे. तळ्यामागची ती काटेरी झुडपांची जाळी तोडून तिथे खुला मंच बांधायचं ऑफिसच्या डोक्यात आलंय, उन्हाळ्यातल्या गाण्याबजावण्यासाठी. पण जिथे पक्षी घरटं करतो ते झुडूप तोडायचं नाही, असा त्यांचाच नियम आहे. आणि त्या जाळीत दरवर्षी सुई येते, तू नाव ठेवलेली. ती कुणाला दिसत नाही, फक्त ऐकू येते, आणि तिची नोंद माझ्या वहीशिवाय कुठेही नाही. मार्चअखेर ती येईल, मी लिहीन, मंच दुसरीकडे जाईल. मला काळजी नाही.

किटलीची शिटी बिघडली होती म्हणून नवी किटली आणली. तिचीही वाजत नाही. हल्ली मालच असा येतो.

तुझा भाऊ


१६ मार्च

बाळोबा,

सहासष्टाव्या वर्षीही तुला बाळोबाच म्हणणार, चालत नसेल तर पत्र परत पाठव.

टाचण्या मी तोंडात धरते, कबूल. पन्नास वर्षं कपडे शिवतेय, कुठे धरू? पण फोन करताना काढते. माझी गिऱ्हाइकं फोनवर सगळं समजतात, अगदी मी 'आठवड्यानं या' म्हटलेलंसुद्धा, जे त्यांना समजायला नको असतं.

सोबत तुझ्या दुर्बिणीसाठी पिशवी पाठवतेय. जाड कापडाची आहे, आत मऊ अस्तर लावलंय. तुझी जुनी पिशवी बघून मला लाज वाटायची. शिवणाऱ्या बाईचा भाऊ आणि दुर्बीण मोज्यात घालून फिरतो!

सुई मला चांगली आठवते. पहिल्याच वर्षी तू मला फेरीला ओढून नेलं होतंस. उभं राहून राहून माझे पाय बधिर, डोळे मिटलेले, आणि कानाला काहीतरी बारीक टोचलं. मी नियम मोडून म्हटलं, अगं बाई, ही तर सुई. तू सगळ्यांदेखत माझ्यावर डोळे वटारलेस आणि मग वहीत तेच लिहिलंस.

किटलीचं नीट समजलं नाही. वाफ जोरात येते ना? तोंडावर झाकण बसतं ना? मग शिटी वाजत नाही म्हणजे काय? आणि पहिली टाकून दिलीस की ठेवलीस?

ताई


१४ एप्रिल

ताई,

पिशवी मिळाली. बंद जरा लांब झालाय, पण गाठ मारली.

यंदा सुई आली नाही.

मार्चचा शेवट गेला, एप्रिलचे दोन रविवार गेले. मी मधल्या वारीही जाऊन उभा राहिलो. जाळीत बाकी सगळे आहेत. कावळा, पारवे, एक घुमणारा होला. सुई नाही. कुठे काय बिघडलं असेल सांगता येत नाही. पक्षी येतात तसे यायचे थांबतातही.

कालच्या फेरीत मात्र गंमत झाली. नऊ जण होते. जाळीपाशी थांबलो, डोळे मिटले, दोन मिनिटांनी मी उघडले तर नऊच्या नऊ बोटं वर. आणि जाळी गप्प! वाऱ्याशिवाय तिथे काहीही नव्हतं. मी त्यांना जरा सुनावलं. म्हटलं, सुईबद्दल माझ्याकडून ऐकून आलात, म्हणून ती ऐकू येतेय. निसर्ग बघताना कल्पनाशक्ती घरी ठेवून यायची. सगळ्यांनी मुकाट्यानं बोटं खाली घेतली. दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई आहेत, पाच वर्षं नेमानं येतात. त्यांनीही वर केलं होतं, याचं मला आश्चर्य वाटलं. डोळे किलकिले करून एकाचं बघून दुसरा करतो, दुसरं काय.

ऑफिसातून अधीक्षकांचा निरोप आहे. जाळीत सुई आहे की नाही ते लेखी द्या, म्हणजे वीस मेला तोडणी लावता येईल. मला वाईट वाटतंय, पण नसलेला पक्षी मी आहे म्हणून लिहिणार नाही. तेवढी माझी वही स्वच्छ आहे.

दारावरची घंटाही गेली. पोस्टमन दार बडवतो.

तुझा भाऊ


१९ एप्रिल

बाळोबा,

हे पत्र बसून वाच.

नऊ माणसांना ऐकू आलं आणि एकट्या तुला आलं नाही. तू छापखान्यात मशीनचा फोरमन होतास. नऊ मशीनवर छपाई ठीक येतेय आणि एकावर कोरा कागद निघतोय, तर तू नऊ मशीन खोलली असतीस का रे?

शिटी न वाजणाऱ्या दोन किटल्या. बंद पडलेली घंटा. मेहुण्यांचा जाडा आवाज खणखणीत आणि माझा बारीक आवाज गुळमुळीत. आता सुई. तुझे कान गेलेत, बाळोबा. सगळे नाही, बारीक आवाजाचे तेवढे. तीस वर्षं त्या धडधडाटात उभा होतास, कानात साधा कापूस घातला नाहीस, वर फुशारकी मारायचास की कुठलं बेअरिंग खराब झालंय ते चहा पिता पिता सांगतो म्हणून.

आणि आता माझी चूक सांगते. मला हे गेल्या वर्षीपासून माहीत आहे. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा किटली शिटी मारमारून थकली, आणि तू तिच्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसला होतास. मी उठले, गॅस बंद केला, काही बोलले नाही. वाटलं, बोलले तर तुझी फेरी जाईल, आणि फेरी गेली तर तू त्या खोलीत एकटा काय करशील. त्या भीतीनं गप्प बसले. बसायला नको होतं.

लेखी देऊ नकोस. आधी कान दाखव.

ताई


३ मे

ताई,

पत्र पावलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी ऑफिसात जाऊन सही केली. 'यंदाच्या हंगामात तळ्यामागच्या जाळीत सुई आढळली नाही.' एक ओळ. अधीक्षकांनी चहा पाजला.

पानांच्या ठशांचा कार्यक्रम बरा झाला. चाळीस मुलं, त्यातल्या बाराजणांनी भिंतीवर ठसे उमटवले. तळ्याच्या कार्यक्रमात एका आजोबांचा चष्मा पाण्यात पडला, तो जाळ्यानं काढला. फुलपाखरांची मोजणी ऊन नसल्यामुळे पुढे ढकलली. जाळीभोवती खुंट ठोकून लाल पट्टी बांधली आहे. तोडणी वीस तारखेलाच.

घंटेचं म्हणशील तर इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. तो म्हणाला, घंटा ठीक आहे. तो नवीन आहे, त्याला काही कळत नाही.

तुझ्याकडे उन्हाळा कसा आहे?

भाऊ


७ मे

बाळोबा,

उन्हाळा गरम आहे.

तुझा राग पोचला. पत्राखाली 'तुझा' लिहायचं राहिलं, तेही पोचलं. लहानपणी रुसलास की ताट भिंतीकडे फिरवून जेवायचास, त्यात काही फरक पडलेला नाही.

मी एवढंच लिहिते आणि मग गप्प बसते. तुझ्या ऑफिसचा पत्ता पत्रिकेवर छापलेला आहे, तू पाठवलेली पत्रिका माझ्या मशीनच्या खणात आहे. तुझ्यामागून अधीक्षकांना चार ओळी लिहिणं मला अवघड नाही. लिहिणार नाही. सही तू केलीस, खोडायची तर तूच खोड. तुझ्या वहीत मी हात घातला तर ती तुझी वही राहणार नाही.

पण एक कर. कानाला सुट्टी दे. मी शिवलेल्या पिशवीतून ती दुर्बीण काढ, दुपारच्या उजेडात जाळीसमोर बस आणि नुसतं बघ. बारा वर्षं तू तिथे डोळे मिटून उभा राहिलायस. एकदा उघडे ठेवून बस. काही दिसलं नाही तर मी चुकले, तसं मला कळव. तुझ्या सगळ्या शर्टांची बटणं जन्मभर फुकट लावून देईन.

ताई


१५ मे

ताई,

मंगळवारी दुपारी गेलो. तू म्हणतेस म्हणून नाही, तुला चूक ठरवायचं होतं म्हणून.

समोरच्या बाकावर बसलो. चाळीस मिनिटं काही नाही. मग लाल पट्टीच्या आत, माझ्यापासून सात-आठ पावलांवर, काहीतरी हललं. अंगठ्याएवढा पक्षी. चोचीत हिरवी अळी. आत गेला, रिकामा बाहेर आला, पुन्हा गेला. म्हणजे पिल्लं आहेत. मी म्हटलं, दुसरा कुठलातरी असेल. सुई मी कधी नीट पाहिलेलीच नव्हती. चौथ्या खेपेला तो काटेरी फांदीच्या टोकावर बसला, मान वर केली आणि चोच उघडली. गळा थरथरत होता. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि कान पुढे केला. पानांची सळसळ आली. रस्त्यावरची बस आली. पुन्हा दुर्बीण लावली तर चोच उघडीच, गळा हलतोच आहे. माझ्यापर्यंत काहीही येत नव्हतं.

तेवढ्यात मागून कार्यक्रमबाई रोपांच्या कुंड्या घेऊन चालल्या होत्या. मी काही न बोलता एक बोट वर केलं. त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, 'हो ना, किती वेळ चाललंय तिचं!'

ताई, मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन वही मागे चाळली. चार वर्षांपूर्वी लिहिलंय, 'सुई, जाळीत, स्पष्ट.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'सुई, जाळीत खोलवर.' मग, 'सुई, क्षीण.' गेल्या वर्षी, 'सुई, लांब.' आता जाळी आहे या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस पावलं. लांब जायला तिला तिथे जागाच नाही. हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि एकदाही वाचलं नाही.

काल ऑफिसात गेलो. लिहून दिलं की, 'माझा दाखला चुकीचा आहे. जाळीत सुई आहे आणि पिल्लंही आहेत. मला ती ऐकू आली नाही, कारण मला कमी ऐकू येतं.' अधीक्षकांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, 'म्हणजे आजवर तुम्ही लिहिलेली वही खरी कशावरून?' प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, पहिली आठ वर्षं खरी, पुढची तपासायची. ते म्हणाले, माणसं ठरलीत, वीसला काम लागणार. थांबवायचं तर तुमच्याशिवाय इतरांनी ऐकल्याचं लेखी आणा.

इतर म्हणजे ते नऊ. ज्यांना मी कल्पनाशक्ती घरी ठेवायला सांगितलं ते. मधे एकच रविवार आहे, अठराचा. त्यांना खरं सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर कानफेरी मी घेणं हा विनोद होईल. सांगितलं नाही तर जाळी जाईल. हिशेब सोपा आहे, तरी कालपासून करतोय.

तुझा भाऊ


१९ मे

बाळोबा,

काल सकाळी सात वाजता मी मशीनवर बसले होते आणि शर्टाची डावी बाही उजवीकडे जोडली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तुझे मेहुणे म्हणाले, आज काय आहे? मी म्हटलं, रविवार आहे.

काय झालं ते लगेच लिही. लांबण लावू नकोस.

ताई


२१ मे

ताई,

जाळी आहे.

आता क्रमानं सांगतो. लांबण लागेल, इलाज नाही.

रविवारी फाटकापाशी तेरा जण जमले. एप्रिलमधले नऊही त्यांत होते. मी घरून चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. म्हटलं, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कधीपासून ते सांगता येणार नाही. मागे जाळीपाशी मी तुम्हाला बोललो ते चुकलं. सुई तिथे होती, तुम्ही बरोबर होतात.

मला वाटलं, नियम म्हणून गप्प आहेत. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, 'तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आम्हालाच भास झाला असं आम्ही धरलं. मी तर कान तपासून घ्यायला वेळ मागितली होती.' बघ आता! नऊ धडधाकट माणसांनी स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवला, कारण पत्रिकेवर कान माझ्या फेरीपुढे छापलाय.

जाळीपाशी उभे राहिलो. सगळ्यांनी डोळे मिटले, मी मिटले नाहीत. इतकी वर्षं फेरी घेतोय, पण बोटं वर जाताना मी कधी पाहिलेली नव्हती. आधी डॉक्टरबाईंचं गेलं. मग एका बाप-लेकीचं जवळजवळ एकदम. मग एकेक करत सगळ्यांचं. काहींचं अगदी हळू, चुकत तर नाही ना अशा भीतीनं अर्ध्यावर थांबलेलं. ती भीती मी घातलेली. मी मान हलवली, पण डोळे मिटलेल्यांना ती कुठून दिसणार! म्हणून मोठ्यानं म्हटलं, 'बरोबर आहे.' फेरीत बोललो. तेरा बोटं वर होती आणि माझी एकट्याची मूठ.

पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तेरा जणांनी लिहून सह्या केल्या. सोमवारी ते कागद अधीक्षकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चहा विचारला नाही, पण दुपारी माणसं येऊन खुंट उपटून गेली. मंच आता अवजारांच्या खोलीशेजारी होणार आहे. तिथे सावली जास्त आहे, हे कार्यक्रमबाई आधीपासून सांगत होत्या म्हणे. त्यांचंही कुणी ऐकत नव्हतं.

फेरी पुढच्या रविवारपासून डॉक्टरबाई घेतील. मी वही लिहीन. त्या सांगतील, मी लिहीन. मला वाटलं होतं त्याहून कमी वाईट वाटतंय, पण वाटतंय. खोटं कशाला सांगू! अठरा तारखेची नोंद अशी: 'जाळी. सुई. बोटं तेरा. लिहिणाऱ्यानं ऐकलेली नाही.'

शुक्रवारी कानाचं मशीन बघायला जायचंय. तपासणाऱ्यानं आधीच सांगितलं, माणसांचं बोलणं स्पष्ट होईल, त्या पक्ष्याची हमी देत नाही. जन्मभर मशीनला कान लावला, आता मशीनच कानाला लावून फिरेन.

एक विचारायचं होतं. तिचा आवाज तुला आठवतो का? तीन रात्री आठवून बघतोय, मला सापडत नाही. कसा होता ते लिही.

तुझा भाऊ


२८ मे

बाळोबा,

तुझं पत्र वाचताना माझा चष्मा ओला झाला. मेहुण्यांना कांद्याचं कारण सांगितलं, ते म्हणाले घरात कांदा नाही.

आवाज सांगते. नवं, कडक, न धुतलेलं कापड घ्यायचं. त्यातून बारीक सुई काढायची आणि दोरा एका दमात ओढायचा. दोरा संपता संपता कापड जे म्हणतं, ते. पण त्याहून बारीक, लागोपाठ तीन वेळा, आणि तिसरा जरा वर चढलेला, कुणी दारातून 'आहेस का?' विचारावं तसा. काल दुपारभर चिंध्या घेऊन मी नुसता दोरा ओढत बसले होते. तिसरा नीट जमत नाही.

लिहून ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही, मला माहीत आहे. म्हणून शनिवारच्या गाडीनं मीच येतेय. रविवारच्या फेरीत बोट वर करायला एक म्हातारी वाढव. त्र्याहत्तरावं लागलंय, मला तरी ऐकू येईल की नाही कोण जाणे. नाहीच आलं तर दोघं मुठी मिटून, डोळे उघडे ठेवून उभे राहू. डॉक्टरबाईंना तसं आधी सांगून ठेव, नाहीतर बिचारी पुन्हा स्वतःचे कान तपासायला जाईल.

आणि मी येईपर्यंत त्यातली एकही किटली टाकू नकोस. दोन्ही चांगल्या आहेत.

ताई